फायबरची बैलजोडी

माझ्या सासूबाईंना गाडी लागते. सरळ रस्त्यावर नाही, वळणावर लागते; आणि आमच्या अकोले तालुक्यात सरळ रस्ता दाखवायचा तर पाहुण्यांना तालुक्याबाहेर न्यावं लागतं. गोळी घेतली की लागत नाही, पण मग त्या अशा झोपतात की मुक्कामी पोचल्यावर धरून उतरवून घ्यावं लागतं. एवढ्या एका कारणावरून मी, इमॅन्युएल पारखे, राजूरच्या एका शाळेत भूगोल शिकवणारा सभ्य माणूस, ऐन श्रावणात तोंडाला फडकं बांधून एका गोठ्यात कुशीवर पडलो होतो आणि कॅटमरान घासत होतो. वाचकांनी हसण्याची घाई करू नये. पुढे जागा आहेत.

सासूबाईंचं नाव ग्रेस. तरुणपणी त्या भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत शिक्षिका होत्या. तेव्हा ज्या भागूबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं, नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि सापाला न घाबरता झोपायला शिकवलं, त्या भागूबाई अजून त्याच वाडीत आहेत. त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून त्या इकडे येऊ शकत नाहीत. पलीकडे जाणारा रस्ता पाण्याला वळसे घालत जातो, म्हणून सासूबाई तिकडे जाऊ शकत नाहीत. "गोळी घेऊन चला ना," असं मी एकदा सुचवून पाहिलं. "आणि भागूच्या दारात जाऊन घोरत पडू?" असं त्यांनी विचारलं. मी पुन्हा सुचवलं नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण माझा मेहुणा रॉबिन पुण्याला मोठ्या फ्लॅटमध्ये गेला आणि त्याने आईला कायमचं न्यायचं ठरवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन येणार होता. हे ठरलं त्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा भागूला भेटले असते. पाण्यावरनं जायचं तर कितीसं लांब?" म्हणाल्या आणि ताकाची वाटी उचलली. माझी बायको दया हिने माझ्याकडे पाहिलं. लग्न झालेल्या माणसाला ही नजर समजावून सांगावी लागत नाही.

"त्यात काय, नेतो की!" मी म्हणालो.

पर्यटकांच्या बोटी पावसाळ्यात बंद. कोळ्यांच्या होड्या एवढ्या निमुळत्या की सासूबाईंना त्यात बसवायचं तर आधी वाकवायला हवं, आणि त्या आयुष्यात कोणापुढे वाकलेल्या नाहीत. अशा वेळी मला आठवलं की एका बंद पडलेल्या हॉटेलच्या मागे, करवंदीच्या जाळीत, एक जुनी कॅटमरान पडून आहे. कॅटमरान म्हणजे दोन लांबोडक्या पोकळ होड्या शेजारीशेजारी, वर आडव्या तुळया टाकून जोडलेल्या, आणि मध्ये बसायला फळ्यांचा माचा. उलटता उलटत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. हॉटेलमालकाला विचारलं तर तो म्हणाला, "सर, न्या. आजच न्या. तिच्यात साप निघतात." उदार माणूस.

टेम्पोतून ती गहिनीनाथच्या गोठ्यावर आणली. गहिनीनाथची भातखाचरं थेट पाण्यापर्यंत उतरतात आणि त्याची मुलं माझ्या हाताखालून गेलेली आहेत, त्यामुळे त्याला नाही म्हणणं जड गेलं. त्याने दोन्ही होड्यांभोवती एक फेरी मारली, तुळईवर हात ठेवला आणि म्हणाला, "म्हंजी ही बैलजोडी हाय तर. दोन बैलं, मदी जू."

"अगदी बरोबर!" मी उत्साहाने म्हणालो. शिक्षकाला विद्यार्थ्याने दिलेला दाखला फार आवडतो. त्या 'अगदी बरोबर'बद्दल मला पुढे काय भोगावं लागणार होतं याची तेव्हा कल्पना नव्हती. संध्याकाळपर्यंत जोडीचं नावही पडलं. डावा हौशा, उजवा नवशा. गहिनीनाथचे खरे बैल पडवीत गेले आणि फायबरचे गोठ्यात आले.

आता प्रकृती. नवशाच्या पोटाला अंगठ्याने दाबलं की ते आत जाई आणि सोडलं की 'टबक्' करून बाहेर येई. हौशा त्याहून वाईट, तो आत गेला की आतच राही. उन्हापावसाने वरची कातडी पिठासारखी झालेली, जागोजाग कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. एका परदेशी गृहस्थाचा व्हिडिओ पाहून मी समजून घेतलं की जुना भाग घासून काढायचा, मग काचतंतूची चटई ठेवून वर राळेचे हात द्यायचे, आणि आतून बरगड्या बसवायच्या म्हणजे पोट ताठ राहतं. त्या गृहस्थाने हे सगळं पांढरा शर्ट घालून, शीळ वाजवत केलं होतं. व्हिडिओतली माणसं खाजवताना दिसत नाहीत. तेवढा भाग कापत असावेत.

फायबर घासलं की त्याची भुकटी अंगात शिरते. दिसत नाही, निघत नाही, फक्त जाणवते. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून मोसमी वारे शिकवता शिकवता फळ्याच्या चौकटीला पाठ घासू लागलो. शिक्षकखोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. घरी सासूबाईंनी कोकम लावायला सांगितलं, शेजाऱ्यांनी शेण सांगितलं, आणि प्रार्थनेला जमलेल्या एका वडीलधाऱ्या भगिनीने सर्वांदेखत बायबलमधल्या, अंगभर फोड आलेल्या ईयोबाची आठवण काढली. दया सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने मला दवाखान्यातला हिरवा झगा, मास्क आणि टोपी आणून दिली. तो पोशाख घालून मी गोठ्यात शिरलो तेव्हा पडवीतले दोन्ही बैल दावं तोडून पळाले. त्यांना मागच्या वर्षीचा गुरांचा डॉक्टर आठवला असणार.

सल्ला देणाऱ्यांना तर ऊत आला. गोठ्याबाहेर छत्र्यांची रांगच लागायची. कोणी म्हणे, "वरून शिमिट लावा." कोणी म्हणे, "आतून बांबू ठोका." एकाने गंभीरपणे सुचवलं की आत भाताचा पेंढा ठासून भरावा, म्हणजे पोट आत जाणार नाही. शेवटी संगमनेरहून बन्सी नावाचा जाणकार आणवला. हा बंगल्यांच्या बागेत ठेवायची फायबरची हरणं, बदकं आणि सिंह बनवतो. त्याने हौशाला टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाला, "याला मान पायजे."

"मान?"

"हंसाची. दोनी बाजूंनी दोन हंस करून देतो. शोभा येईल."

मी त्याला शोभा नको, ताठपणा हवा आहे असं सांगितलं. त्यावर तो रुसला. मग राळेत कडक होण्याचं औषध किती घालायचं ते दाखवतो म्हणाला आणि हाताने अंदाजपंचे ओतलं. पातेलं तापलं, फसफसलं आणि धुराचा असा लोट उठला की शेजारच्या वाडीची माणसं बादल्या घेऊन धावत आली. राळ कालवायला आणलेलं दयाचं वरणाचं पातेलं आणि डाव दोन्ही कायमचे एकजीव झाले होते. दयाने ते अजून ओट्यावर ठेवलंय. पाहुण्यांना दाखवते.

बरगड्यांचा प्रश्न गहिनीनाथने सोडवला, असं तो म्हणतो. मी सोडवला, असं मी म्हणतो. त्याच्याकडे पाणी उपसायच्या पाइपचे उरलेले तुकडे होते आणि माझ्याकडे व्हिडिओ होता. पाइप उभा चिरून अर्धे नळे केले, ते होडीच्या पोटात आडवे ठेवले आणि वरून फायबर चढवलं. पण श्रावणातल्या ओल्या हवेत राळ सुकेना. बोट लावलं की बोट परत येईना. मग दयाचं केस वाळवायचं यंत्र आणलं. वीज आली की मी वाळवायचो, गेली की गहिनीनाथ पुठ्ठ्याने वारा घालायचा. एकदा आम्ही चहाला गेलो असताना पडवीतला बैल आत शिरला आणि त्याने नवशाच्या ओल्या अंगाला पाठ घासून घेतली. त्याचे केस नवशाच्या पाठीत पक्के बसले ते बसलेच. "आता खरा बैल झाला बगा," रतनबाई कौतुकाने म्हणाल्या. रतनबाई म्हणजे गहिनीनाथची बायको.

पण पोट ताठ झालं! अंगठा दाबला तर अंगठाच दुखायला लागला. मी सासूबाईंना मुद्दाम बोलावून आणून दाबायला लावलं. त्यांनी दाबलं, बोट पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं झालंय." बारा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या कुठल्याही कामाला एवढं म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी कचेरीने खाली आणलं. जलाशयावर काहीही तरंगवायचं तर परवानगी लागते. ती कुठल्या कचेरीतून मिळते ते सांगत नाही, माझं तिथे पुन्हा काम पडू शकतं. तिथल्या रामहरी नावाच्या कारकुनाने माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "ही होडी एक आहे का दोन?"

"एकच. दोन भागांची."

"पाण्याला किती ठिकाणी टेकते?"

"दोन."

"मग दोन अर्ज लागतील."

दोन अर्ज केले. साहेबांनी दोन्ही परत पाठवले, कारण दोन होड्यांना दोन नावाडी हवेत आणि सही एकाचीच. गहिनीनाथची सही घेतली. मग दोन्ही होड्यांवर एकच प्रवासी कसा, असा शेरा आला. सासूबाईंचा डावा पाय हौशावर आणि उजवा नवशावर असेल, असं लेखी द्यायची माझी तयारी होती, पण रामहरीभाऊंना कीव आली. ते म्हणाले, "सर, पाहणी करून मी जागेवरच परवानगी देतो. पण इतर दिवशी सवड नाही. पोळ्याला सणासाठी मी गावी येतो, तुमच्या गोठ्याच्या वरच्या अंगालाच माझं घर. त्या दिवशी दाखवा."

पोळा! रॉबिन यायच्या आदल्या दिवशी! मी देवाचे आभार मानले. आमच्या घरात नाताळ आणि ईस्टर तोंडपाठ. पोळा म्हणजे शाळेला सुट्टी, यापलीकडे मी कधी खोलात शिरलो नव्हतो. भूगोलाच्या शिक्षकाने भोवतालाचा अभ्यास करावा असं मी मुलांना नेहमी सांगतो.

आता एकच काम उरलं होतं. तुळया जिथे टेकतात आणि बोल्टने आवळल्या जातात त्या चार जागांवर फायबरचे शेवटचे जाड थर द्यायचे होते. सगळा भार तिथेच येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्या जागा घासघासून अशा स्वच्छ केल्या की चेहरा दिसावा, आणि राळ आणायला राजूरला गेलो. व्हिडिओतल्या गृहस्थाने बजावलं होतं की घासलेल्या जागेला बोटसुद्धा लावू नका, तेलकटपणा लागला की फायबर धरत नाही.

परत आलो तर गोठ्यात उदबत्तीचा वास. समई लावलेली. रतनबाई हौशाशेजारी पाटावर बसल्या होत्या आणि ज्या जागी तुळई बसते त्या नेमक्या जागी, दोन्ही हातांनी, जिवापाड प्रेमाने लोणी आणि हळद चोळत होत्या. नवशाचं चोळून झालं होतं. तो पिवळाधमक, तुपकट चकाकत होता.

"रतनबाई! हे काय करताय?"

"खांदेमळनी," त्या म्हणाल्या, जणू मीच विचित्र काहीतरी विचारलं होतं. "उद्या पोळा न्हाई का? वरीसभर जू वढून खांदं दुकत्यात. आज मळायचं, आवतन द्यायचं, उद्या जेवायला घालायचं."

"अहो, पण यांनी अजून जू ओढलेलंच नाही!"

"म्हून काय झालं? नवीन बैलाचं खांदं मळत न्हाईत व्हय?"

माझा तोल गेला. मी म्हणालो की हे बैल नाहीत, हे फायबर आहे, आणि तुम्ही माझ्या महिन्याच्या कामाला लोणी लावलंत. रतनबाईंचे हात थांबले. घरचं लोणी होतं ते, खऱ्या बैलांच्या वाट्यातलं काढून आणलेलं. त्या म्हणाल्या, "तुमीच म्हनला हुता बैलजोडी. 'अगदी बरूबर' बी म्हनला हुता." आणि पदराला हात पुसत उठून गेल्या. मी तिथे उभा राहिलो आणि मला स्वतःचीच लाज वाटली. शिवाय खाजही सुटली होती, त्यामुळे लाज नीट वाटूनही घेता येईना.

सोडा, गरम पाणी, थिनर, पुन्हा घासणं. रात्र झाली तरी हळद जाईना. सकाळी पुन्हा लागलो, तेव्हा कुठे निघाली. तोवर गहिनीनाथ नवा फेटा बांधून आला. मी त्याला म्हणालो, "थर देऊ, दुपारपर्यंत वाळवू आणि तुळया आवळू. रामहरीभाऊ चारला येतील."

गहिनीनाथ माझ्याकडे पाहत राहिला. "सर, आज जू?"

"हो, आजच."

"पोळ्याला बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, सर. आमच्या बापजाद्यांत कुनी ठेवलं न्हाई."

मी समजावलं. मग विनवलं. मग सांगितलं की उद्या दुपारी सासूबाई पुण्याला जाणार, या वयात गेलेलं माणूस परत केव्हा येतं कोणाला माहीत, आणि तिकडे भागूबाईंना निरोप गेलाय, त्या उद्या सकाळी काठावर खाट टाकून बसणार आहेत. हे ऐकून गहिनीनाथचे डोळे ओले झाले, पण हात हलला नाही. बाकीचे छत्रीवालेही मान खाली घालून उभे. पेंढा ठासा म्हणणारासुद्धा बोल्टला हात लावायला तयार होईना. आणि ती तुळई एकट्याने उचलण्याजोगी नव्हती. मी एकदा उचलून पाहिली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

"पन औशिदपानी चालतं," मागून आवाज आला. रतनबाई होत्या. माझ्याकडे न बघता, हौशाकडे बघत बोलत होत्या. "बैलाचा खांदा सुजला तर पोळ्याला बी लेप लावत्यात. लेप लावा की. जू तेवडं उद्या."

मग सगळेच धावले. जे हात बोल्टला लागत नव्हते ते राळ कालवू लागले, चटई कापू लागले, वारा घालू लागले. मी रतनबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू द्या, पुरनपोळी खाऊन जा." लेप दुपारी पुरा झाला. मग कोणीतरी हौशा-नवशाच्या नाकाला गेरू लावला, झेंडूच्या माळा घातल्या आणि पाठीवर झूल टाकली. खऱ्या बैलांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

चारला रामहरीभाऊ आले. मी कागद हातात घेऊन, घसा साफ करून, दिलगिरीचं भाषण सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "तुळया कुठंयत?"

"त्या... आज बसवता आल्या नाहीत. म्हणजे हे लोक म्हणतात की पोळ्याला—"

"आज कसं जू घालणार?" रामहरीभाऊ म्हणाले. कचेरीत माझी एक होडी दोन मोजणारा हा माणूस. त्यांनी खिशातून पेन काढलं, परवानगीवरची तारीख स्वतःच्या हाताने बदलली, हौशाच्या नाकावर हळदकुंकू वाहिलं आणि जेवायला बसले. "सकाळी आठला येतो. माझेही बैल घरी आहेत हो."

रात्रभर लेप वाळला. सकाळी बोल्ट आवळताना थर दगडासारखे लागले. आदल्या दिवशी अर्धवट ओल्या राळेवर, माझ्या घाईने, तुळया आवळल्या असत्या तर भर पाण्यात जोडी फुटली असती. सासूबाई हौशावर, मी नवशावर, आणि आमच्यामध्ये हळूहळू वाढत जाणारं अंतर. मी हे कोणाजवळ बोललो नाही. सगळ्यांना ते मी न सांगताही कळलं होतं, आणि कोणी बोललं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

पाऊस उघडला होता. लाइफ जॅकेट घालून सासूबाई माच्यावर पाटावर बसल्या, मांडीवर भागूबाईंसाठी नवं लुगडं. रामहरीभाऊ पाहणीसाठी म्हणून मागे बसले. मी आणि गहिनीनाथ वल्ही मारत होतो. पहिली लाट आली तेव्हा मी कान टवकारले. 'टबक्' नाही. काहीच नाही. फक्त पाणी कापल्याचा आवाज. मला एकदम खूप आनंद झाला आणि मी उगाचच जोरात वल्हं मारलं, त्यासरशी जोडी गोल फिरली. "सर, बैल दोन हायत," गहिनीनाथ म्हणाला.

पलीकडे भागूबाई खरोखरच खाटेवर बसल्या होत्या. काठीला धरून उठल्या. सासूबाई चिखलात उतरल्या, माझा हात झटकून. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"लई म्हातारी झालीस गं बाई," भागूबाई म्हणाल्या.

"तू कुठली तरुण राहिलीस?"

एवढं बोलून दोघी रडल्या, मग हसल्या, मग भाकरी खाल्ली. दुपार झाली तशी मी निघायचं म्हटलं तर भागूबाई काठी टेकत होडीकडे आल्या. "मला बी एक फेरी घाला. जन्मभर ह्या पान्याच्या काठाला ऱ्हायले, पान्यावर बसले न्हाई." गुडघ्यांना चढवत नव्हतं. गहिनीनाथने आणि रामहरीभाऊंनी त्यांना खाटेसकट उचलून माच्यावर ठेवलं. खाटेचे दोन पाय हौशाच्या बाजूला आले आणि दोन नवशाच्या. होडी तसूभर खाली बसली आणि तिथेच थांबली.

पाण्याच्या मध्यावर रॉबिनचा फोन आला. गाडी गोठ्यापाशी येऊन उभी होती, पुण्याला उजेडात पोचायचं होतं, आई कुठे आहे. मी फोन सासूबाईंकडे धरला. त्यांनी घेतला नाही. त्यांचा एक हात भागूबाईंच्या हातात होता आणि दुसरा पाण्यात सोडलेला होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "इतक्यात काठाला लावू नका."

रामहरीभाऊंनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. मी फोन बंद केला. मग मी आणि गहिनीनाथने वल्ही उचलून आत घेतली.